झाडाच्या फांदीतून निघणारे व्हीओसी कसे मोजायचे: नाकापासून आकड्यापर्यंत

पुदिन्याच्या रोपाजवळ हात न लावता नुसतं नाक नेऊन बघा, वास येतो पण अगदी मंद. आता एक पान दोन बोटांत हलकेच चोळा आणि परत वास घ्या. पानावर तेलाच्या इतक्या बारीक ग्रंथी असतात की नुसत्या डोळ्याला धड दिसत नाहीत, त्या फुटल्या आणि आतलं तेल हवेत उडालं. रोप तेच, पान तेच, पाच सेकंदांत हवेत जाणारा माल कितीतरी पटीने वाढला, आणि तो वाढवला आपल्या बोटांनी. झाडं हवेत काय सोडतात हे मोजायला निघालेल्या प्रत्येकाची खरी लढाई इथेच असते. हात लावल्यावर झाड काय सोडतं ते मोजणं सोपं आहे, पण आपण तिथे नसताना ते काय सोडत होतं हे काढायचं असतं. हा लेख त्याचसाठी आहे. एक फांदी, एक पिशवी, एक पंप घेऊन विश्वास ठेवता येईल असा आकडा कसा काढायचा ते मी पहिल्यापासून सांगतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ, नाहीतर पुढच्या पायऱ्यांमागची कारणं कळणार नाहीत.

व्हीओसी म्हणजे सहज वाफ होणारी कार्बनची संयुगं. पेंट, पेट्रोल, सॉल्व्हंट यांच्यामुळे हा शब्द आपल्याला माहीत असतो, पण जगात हवेत जाणाऱ्या व्हीओसींमध्ये सगळ्यात मोठा वाटा झाडांचाच आहे. २०१२ साली आलेल्या, वनस्पतींच्या उत्सर्जनाचा हिशेब करणाऱ्या मेगान २.१ या मॉडेलनुसार वनस्पतींकडून वर्षाला साधारण १०० कोटी टन व्हीओसी हवेत जातात आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग, सुमारे ५३.५ कोटी टन, एकट्या आयसोप्रीनचा असतो. मिथेन यात धरलेला नाही बरं का.

आयसोप्रीन हा पाच कार्बनचा छोटा रेणू. दहा कार्बनचे ते मोनोटर्पीन, म्हणजे पाइनच्या वासातला अल्फा-पायनीन, संत्र्याच्या सालीतला लिमोनीन वगैरे. पंधरा कार्बनचे ते सेस्क्विटर्पीन. पुढे नुसतं 'टर्पीन' म्हटलं की हे दोन्ही समजा. याशिवाय पान कापलं, चिरडलं, खाल्लं गेलं की निघणारे सहा कार्बनचे 'हिरव्या पानाचे वास' असतात, गवत कापल्यावर येतो ना तो, तोच. आणि वाढणाऱ्या पानातून मिथेनॉल निघतं, कारण पेशीभिंत ताणली जाताना तिच्यातल्या पेक्टिनमधून ते सुटं होतं, रात्रभर पानात साठतं आणि सकाळी पर्णरंध्रं उघडली की एकदम बाहेर येतं.

आता इथे एक गोष्ट मनात पक्की करा, कारण सगळं मोजमाप तिच्यावर उभं आहे. झाडांकडे दोन प्रकारचा माल असतो, ताजा आणि साठवलेला. आयसोप्रीन हा ताजा माल. तो हरितलवकात बनतो, त्याच क्षणी चालू असलेल्या प्रकाशसंश्लेषणातल्या कार्बनपासून, आणि बनला की थेट बाहेर, साठवायला जागाच नाही. झाडाला कार्बनचा जड अणू असलेला सीओटू दिला तर काही मिनिटांतच तो कार्बन आयसोप्रीनमध्ये दिसायला लागतो. म्हणून अंधार झाला की आयसोप्रीन बंद. याउलट पाइनच्या राळेच्या नळ्या, निलगिरीच्या पानातल्या तेलाच्या पोकळ्या, पुदिना-तुळशीच्या ग्रंथी हे सगळं गोदाम आहे, त्यातून मोनोटर्पीन रात्रंदिवस झिरपत राहतात, फक्त तापमान बघून. पण याला अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. भूमध्य समुद्राकाठचा होल्म ओक मोनोटर्पीन सोडतो पण त्याच्याकडे गोदाम नाही, तो आयसोप्रीनसारखाच उजेडावर चालतो. त्यामुळे नुसतं रसायनाचं नाव वाचून झाडाची सवय ठरवू नका.

आणि नाकावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. आयसोप्रीन हवेत जेवढं असतं तेवढ्याचा आपल्याला वास येत नाही. पॉपलर, ओकच्या बऱ्याच जाती, मोसो बांबू, ऑइल पाम ही आयसोप्रीन भरभरून सोडणारी झाडं, पण त्यांच्याखाली उभं राहिलं तर काही खास जाणवणार नाही. घमघमणारं झाड जास्त सोडतं आणि बिनवासाचं कमी सोडतं हा सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज आहे.

पायरी १: फांदी निवडा, पान नाही

एकच पान बंद करून मोजायची छोटी यंत्रं मिळतात, त्यात तापमान आणि उजेड हातात राहतो, पण सुरुवातीला फांदीचं टोक घ्या, साधारण हातभर लांब, ज्यावर २० ते ५० पानं असतील. उन्हातली फांदी घ्या. सावलीतली पानं पातळ असतात, त्यांचं वजनामागे उत्सर्जन वेगळं येतं आणि मग तुलना करताना गोंधळ होतो. पानं पूर्ण वाढलेली हवीत. नुकतंच फुटलेलं कोवळं पान प्रकाशसंश्लेषण करायला लागलं तरी आयसोप्रीन सोडायला त्याला अजून काही दिवस, थंड हवेत कधी दोन-तीन आठवडेसुद्धा लागतात. कोवळी पालवी मोजून 'हे झाड काही सोडत नाही' असा निष्कर्ष काढणं अगदी सोपं आहे आणि अगदी चुकीचं. पानावर कीड, बुरशी, ओरखडे आहेत का ते भिंगाने बघा. अळी लागलेलं पान वेगळंच मिश्रण सोडतं. मक्यावर अळी पडली की मका असे वास सोडतो की त्या अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशा माग काढत येतात, हे १९९० पासून माहीत आहे. तो स्वतंत्र आणि फार सुंदर विषय आहे, पण तुम्हाला निरोगी झाडाचा आकडा हवा असेल तर अशी फांदी सोडून द्या.

शक्यतो तीन वेगवेगळ्या झाडांवर एकेक फांदी घ्या. एकाच जातीच्या दोन शेजारच्या झाडांत दुपटीचा फरक येऊ शकतो, आणि एकाच झाडाच्या तीन फांद्या घेणं म्हणजे तीन झाडं नव्हेत.

पायरी २: सामान, आणि रबर का नको

पिशवी टेफ्लॉनच्या फिल्मची हवी, एफईपी किंवा पीएफए. ती पारदर्शक असते, उजेड आत येऊ देते आणि स्वतः फारसं काही सोडत नाही, धरूनही ठेवत नाही. साधी पॉलिथिनची पिशवी टर्पीन शोषते आणि तिचे स्वतःचे वास असतात, ती नको. नळ्यासुद्धा टेफ्लॉनच्याच. रबराची नळी चुकूनही लावू नका, कारण नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीनचीच लांबच लांब साखळी आहे. जे मोजायचं त्याच्याच साखळीतून हवा खेचण्यात काय अर्थ? सिलिकॉनची नळी पण टाळा, ती टर्पीन पिऊन टाकते आणि नंतर सावकाश परत सोडते.

बाकी यादी अशी: हवा ढकलणारा पंप, सक्रिय कोळशाचा फिल्टर, हवेचा वेग मोजणारे दोन फ्लोमीटर (एक आत जाणाऱ्या हवेसाठी, एक सॅम्पलसाठी), सॅम्पल ओढायचा छोटा पंप, व्हीओसी धरून ठेवणाऱ्या शोषक नळ्या, पानाच्या खालच्या बाजूला टेकवून तापमान मोजायला बारीक तारेचा थर्मोकपल, प्रकाशसंश्लेषणाला लागणारा उजेड मोजणारा पीएआर सेन्सर, आर्द्रता मोजणारा सेन्सर आणि वही. सेन्सरमध्ये काटकसर करायची वेळ आली तर कुठेही करा, थर्मोकपलमध्ये नको. उन्हातलं पान आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश गरम असू शकतं, आणि झाडाचं उत्सर्जन पानाच्या तापमानावर चालतं, हवेच्या नाही.

हवा कुठून घ्यायची? बाहेरचीच हवा कोळशातून गाळून घेणं सगळ्यात बरं. त्यात बाहेरचे व्हीओसी अडकतात, ओझोन पण अडकतो, आणि सीओटू साधारण तसाच राहतो. सिलिंडरमधली कृत्रिम हवा वापरणार असाल तर तिच्यात सीओटू नसतो हे विसरू नका, तो वेगळा मिसळून बाहेरच्या हवेइतका, म्हणजे ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास आणावा लागतो. नाहीतर पान उपाशी राहतं, आणि उपाशी पानाचं आयसोप्रीन ताज्या मालावर चालणारं असल्यामुळे तेही बिघडतं.

पायरी ३: पिशवी चढवा आणि मग थांबा

सगळ्यात जास्त आकडे बिघडतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिशवीला आधी बाहेरून सांगाडा करा, वाकवलेल्या तारेची दोन कडी पुरतात, म्हणजे फिल्म पानांना घासणार नाही. वारा आला की लोंबकळणारी पिशवी पानांवर आपटत राहते, आणि प्रत्येक आपट म्हणजे पुदिना चोळण्यासारखंच. फांदी दोरीने सैल बांधून स्टँडला आधार द्या. मग पिशवी सावकाश सरकवा, पानं एका हाताने दाबून गोळा करायचा मोह होतो, तो आवरा. तोंडाशी देठाभोवती टेफ्लॉन टेप गुंडाळून हलकं आवळा, साल सोलली जाईल इतकं नाही. पाइनच्या फांदीवर सालीला जराशी खरचट आली तरी राळ येते आणि मग त्या थेंबाचंच उत्सर्जन तुम्ही दिवसभर मोजत बसता.

हवा आत ढकलायची, बाहेर ओढायची नाही. पिशवीत बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब असला की जिथे गळती असेल तिथून हवा बाहेर जाते, बाहेरची घाण आत येत नाही. १० लिटरच्या पिशवीला मिनिटाला ५ लिटर हवा दिली तर पिशवीतली हवा दोन मिनिटांत एकदा बदलते, आणि सगळं स्थिर व्हायला अशा चार-पाच फेऱ्या लागतात, म्हणजे साधारण दहा मिनिटं. हे झालं हवेचं गणित. झाडाचं गणित वेगळं आहे.

मी पहिल्यांदा पाइनची फांदी बंद केली तेव्हा अर्धा तास थांबून सॅम्पल घेतलं, अर्धा तास म्हणजे भरपूर वाटला. मोनोटर्पीन इतके आले की आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तीच फांदी, तेवढंच तापमान, पिशवीला रात्रभर कोणी हात लावलेला नाही, आणि आकडा कुठच्या कुठे खाली. आदल्या दिवशी मी झाडाचं नाही, माझ्या हाताळण्याचं उत्सर्जन मोजलं होतं. तेव्हापासून साठा असलेल्या झाडांना मी निदान एक रात्र तरी देतो. आयसोप्रीनवाल्या झाडांना काही तास पुरतात, पण हिरव्या पानाचा वास, म्हणजे हेक्सेनॉल आणि त्याचे भाऊबंद, सॅम्पलमध्ये दिसले की समजायचं पान दुखावलंय, त्या सॅम्पलवर लाल खूण करायची आणि परत थांबायचं. हे संयुग पान दुखावल्यावर काही सेकंदांत सुरू होतं, त्यामुळे ते तुमच्या बाजूने काम करणारा चांगला पहारेकरी आहे.

रात्रभर पिशवी ठेवायची तर पंप चालू ठेवा. आणि दिवसा आतल्या फिल्मवर दव दिसायला लागलं तर पंपाचा वेग वाढवा, पानं सतत पाणी सोडतात. दवाच्या थेंबात मिथेनॉलसारखी पाण्यात विरघळणारी संयुगं गडप होतात. भर उन्हात पिशवीच्या आत तापमान चढतं, बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांच्या वर जायला लागलं की वेग वाढवायचा नाहीतर मोजमाप थांबवायचं, झाडाला भाजून मिळवलेला आकडा आपल्याला नकोय.

एक रिकामी पिशवी तशीच शेजारी लावा, तोच सांगाडा, तीच हवा, फक्त फांदी नाही. तिच्यातून जे येईल ते तुमच्या सामानाचं देणं, ते नंतर वजा करायचं.

पायरी ४: सॅम्पल घेणं

पिशवीच्या बाहेर जाणाऱ्या नळीला शोषक नळी जोडा आणि छोट्या पंपाने मिनिटाला १५० मिलिलिटर या वेगाने २० मिनिटं हवा ओढा, म्हणजे ३ लिटर झाली. पंपाच्या आधी शोषक नळी, नंतर नाही. सॅम्पलचा वेग आत ढकललेल्या हवेपेक्षा खूप कमी ठेवायचा, नाहीतर पिशवी आत ओढली जाते.

नळीत काय भरलंय ते बघून घ्या. टेनॅक्स नावाचा शोषक मोनोटर्पीन आणि सेस्क्विटर्पीन छान धरतो, पण आयसोप्रीन हलका असल्यामुळे त्यातून निसटून जातो. म्हणून दोन थरांची नळी घ्या, पुढे टेनॅक्स आणि मागे कार्बनचा जोरकस शोषक. हवा टेनॅक्सच्या बाजूने आत शिरायला हवी, नळीवर बाण असतो, उलटी लावली तर जड रेणू कार्बनमध्ये अडकून बसतात आणि लॅबमध्ये बाहेरच येत नाहीत. पहिल्या दिवशी दोन नळ्या एकामागे एक लावून बघा, मागच्या नळीत आयसोप्रीन सापडलं तर पुढची भरून वाहतेय, सॅम्पल कमी घ्या.

ओझोनचं काय? कोळशातून गाळलेली हवा वापरत असाल तर काळजी मिटली. साधी बाहेरची हवा वापरत असाल तर सॅम्पल नळीच्या आधी ओझोन मारणारा स्क्रबर लावलाच पाहिजे, कारण नळीत अडकलेले टर्पीन ओझोनमुळे तिथेच तुटतात. बीटा-कॅरियोफिलीन नावाचा सेस्क्विटर्पीन तर ओझोनसमोर दोन-चार मिनिटंही टिकत नाही. कित्येक झाडं 'सेस्क्विटर्पीन सोडत नाहीत' असं वाटायचं त्याचं हे एक मोठं कारण होतं.

आणि आता अशी सूचना जी लोक हमखास विसरतात: पंपाच्या हवा घेणाऱ्या तोंडाजवळ उभं राहून श्वास सोडू नका. माणसाच्या उच्छ्वासात आयसोप्रीन असतं, आपल्या श्वासातल्या हायड्रोकार्बनमध्ये तेच मुख्य. रिकाम्या पिशवीत अचानक आयसोप्रीन दिसलं की आधी विचारा तिथे वाकून कोण बघत होतं. त्या दिवशी अत्तर, सुगंधी साबण, डास पळवायचं क्रीम काही लावू नका, त्यातले लिमोनीन आणि लिनॅलूल हे अगदी झाडाचेच रेणू आहेत, यंत्राला फरक कळत नाही.

पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि अंधार पडल्यावर, असं निदान पाच वेळा सॅम्पल घ्या. रात्रीचं सॅम्पल कोणी घेत नाही आणि तेच सगळ्यात बोलकं असतं. आयसोप्रीन शून्याजवळ गेलं पाहिजे, मोनोटर्पीन अजून येत असतील तर झाडाकडे गोदाम आहे, तेही थांबले असतील तर तो होल्म ओकसारखा ताज्या मालवाला.

पायरी ५: वही

प्रत्येक सॅम्पलला वेळ, पानाचं तापमान, पीएआर, आर्द्रता, दोन्ही फ्लो, नळीचा नंबर, ढग होते का, वारा होता का, आदल्या दोन-तीन दिवसांत पाऊस किंवा उष्णतेची लाट आली होती का, हे सगळं लिहा. आदले दिवस कशाला? कारण झाड मागच्या काही दिवसांची ऊब लक्षात ठेवतं, गरम आठवड्यानंतर तीच फांदी तेवढ्याच तापमानाला जास्त आयसोप्रीन सोडते. जमिनीतलं पाणी पण लिहा. थोडा पाण्याचा ताण पडला तर प्रकाशसंश्लेषण आधी खाली येतं, आयसोप्रीन बराच वेळ टिकून राहतं, आणि ताण फारच वाढला की मग तेही ढासळतं.

पायरी ६: लॅबमध्ये

नळ्या झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवा, एक नळी बरोबर नेऊन नुसती उघडून बंद केलेली असू द्या, ती प्रवासाची ब्लँक. लॅबमध्ये नळी तापवून माल बाहेर काढतात आणि जीसी-एमएसमधून, म्हणजे मिश्रणातले रेणू एकेक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रातून, वेगळा करतात. तिथे अल्फा-पायनीन, बीटा-पायनीन, लिमोनीन सगळे वेगवेगळे दिसतात.

दुसरा रस्ता पीटीआर-एमएस. १९९० च्या दशकात इन्सब्रुकमध्ये तयार झालेलं हे तंत्र हवेतल्या रेणूला एक प्रोटॉन चिकटवतं आणि वजन मोजतं, तेही सेकंदासेकंदाला. आयसोप्रीन ६९ वर दिसतं, मोनोटर्पीन १३७ वर आणि तुटून ८१ वर, मिथेनॉल ३३ वर. पण सगळे मोनोटर्पीन एकाच वजनाचे, त्यामुळे कोणता कोण ते कळत नाही. ६९ वर फ्युरॅनसारखे दुसरेही येऊन बसतात, म्हणून अधूनमधून जीसीने पडताळून घ्यावं लागतं. तरीही हे यंत्र फांदीला जोडून स्क्रीनसमोर बसायची संधी मिळाली तर सोडू नका. ढग सूर्यावर येतो, बाहेर सावली पडते आणि काही मिनिटांत ६९ ची रेघ खाली झुकते, ढग सरकतो आणि रेघ परत चढते. झाड उजेडाकडे किती बारीक लक्ष ठेवून असतं हे मला त्या रेघेने जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं.

पायरी ७: हिशेब

एक उदाहरण घेऊ, आकडे समजावण्यासाठी घेतलेत. ३ लिटरच्या सॅम्पलमध्ये ४५० नॅनोग्रॅम आयसोप्रीन सापडलं, म्हणजे लिटरला १५० नॅनोग्रॅम, तेच घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. रिकाम्या पिशवीत २ होते, वजा केले, राहिले १४८. पिशवीतून मिनिटाला ५ लिटर म्हणजे तासाला ०.३ घनमीटर हवा जात होती. १४८ गुणिले ०.३, झाले तासाला ४४.४ मायक्रोग्रॅम. फांदीच्या पानांचं कोरडं वजन ६ ग्रॅम (पानं ओव्हनमध्ये ७० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवून केलेलं). ४४.४ भागिले ६, म्हणजे दर ग्रॅम कोरड्या पानामागे तासाला ७.४ मायक्रोग्रॅम. यंत्र पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) आकडा देत असेल तर २५ अंशांना आणि नेहमीच्या दाबाला १ पीपीबी आयसोप्रीन म्हणजे घनमीटरला सुमारे २.८ मायक्रोग्रॅम.

पण ७.४ हा आकडा अजून कुणाला सांगू नका. तो त्या वेळेच्या उजेडाचा आणि तापमानाचा आहे. समजा पानाचं तापमान ३४ अंश होतं आणि पीएआर १३००. दुसऱ्या कोणी दुसऱ्या झाडाचं २६ अंशांना मोजलं तर तुलना कशी करणार? यासाठी सगळे जण ३० अंश तापमान आणि १००० मायक्रोमोल पीएआर या ठरलेल्या परिस्थितीवर आकडा आणतात. शास्त्रज्ञ ॲलेक्स गुंथर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दिलेली समीकरणं यासाठी वापरतात. त्यात उजेडाचा एक गुणक असतो आणि तापमानाचा एक. आपल्या उदाहरणात उजेडाचा गुणक येतो साधारण १.०३, म्हणजे १००० च्या वर उजेडाने फारसा फरक पडत नाही, आणि तापमानाचा १.४५, म्हणजे चार अंशांनी जवळपास दीडपट. दोन्हींचा गुणाकार १.४९, त्याने ७.४ ला भागा, आलं जवळपास ५. हा तुमच्या फांदीचा प्रमाणित आकडा.

आयसोप्रीन तापमानाबरोबर चढत जातं आणि साधारण ४० अंशांच्या आसपास माथा गाठून खाली येतं, कारण ते बनवणारं एन्झाइमच दमतं. साठ्यातल्या मोनोटर्पीनला असा माथा नसतो, ते सरळ वाफेच्या नियमाने वाढतात. त्यांचं सूत्र सोपं आहे, ३० अंशांपासूनचा तापमानातला फरक गुणिले ०.०९ करा आणि त्याचा एक्स्पोनेन्शियल (ई चा तेवढा घात) घ्या. दहा अंश वाढले की सुमारे अडीचपट.

फांदीपासून जंगलापर्यंत

आता मोह होतो की ५ ला जंगलातल्या सगळ्या पानांच्या वजनाने गुणावं. दर चौरस मीटर जमिनीवर ३०० ग्रॅम पानं असली तर तासाला १.५ मिलिग्रॅम. पण वरची पानं उन्हात आणि खालची सावलीत असतात, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा कमी येतो. म्हणून मॉडेलमध्ये पर्णसंभाराचे थर करून प्रत्येक थराला त्याचा उजेड आणि तापमान देतात. आणि मग पडताळा घ्यायचा तो मनोऱ्यावरून. झाडांच्या माथ्याच्या वर यंत्र ठेवून सेकंदाला दहा वेळा वाऱ्याचा वर-खाली वेग आणि त्याच क्षणी हवेतलं आयसोप्रीन मोजतात, याला एडी कोव्हेरियन्स म्हणतात. फिनलंडमधलं ह्यूतियाला केंद्र आणि ॲमेझॉनमधला ३२५ मीटर उंच ॲटो मनोरा ही अशा मोजमापांची मोठी ठिकाणं. त्याहून वर उपग्रह. आयसोप्रीन तुटून फॉर्माल्डिहाइड होतं आणि ते उपग्रहाला दिसतं, त्यावरून खालच्या जंगलाचा अंदाज बांधतात. तुमची फांदी आणि मनोरा यांत दुपटीचा फरक आला तर निराश होऊ नका, या क्षेत्रात तो चांगला जुळलेला निकाल मानतात.

आकडा हातात आल्यावर तो कसा वाचायचा

बरेच जण इथे घसरतात आणि 'झाडंच प्रदूषण करतात' असं काहीतरी लिहून मोकळे होतात. याने मला खरंच वाईट वाटतं, कारण अर्धी गोष्ट सांगून झाडं तोडायला निमित्त मिळतं. आयसोप्रीन हवेत दिवसा तास-दोन तासच टिकतं, हवेतलं हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचं अतिशय क्रियाशील रसायन त्याला फोडतं. पुढे काय होणार ते आजूबाजूला नायट्रोजन ऑक्साइड किती आहेत यावर ठरतं. गाड्या आणि कारखान्यांमुळे ते भरपूर असतील तर ओझोन तयार होतो. जिथे ते फारच कमी आहेत अशा दूरच्या जंगलावर तेच आयसोप्रीन ओझोन थोडा कमीसुद्धा करतं. १९८८ साली अटलांटा शहराचा अभ्यास आला, त्यात हेच दिसलं की झाडांचे हायड्रोकार्बन हिशेबात धरले नाहीत तर नुसते माणसाचे व्हीओसी कमी करून ओझोन आटोक्यात येईल असं खोटंच वाटत राहतं, खरी कळ नायट्रोजन ऑक्साइडमध्ये होती. झाडं लाखो वर्षं हेच सोडत आली आहेत. रहदारीच्या रस्त्याकडेला नवी झाडं लावताना कमी आयसोप्रीनवाली जात निवडावी, एवढा व्यवहारी सल्ला या आकड्यातून निघतो, उभं झाड तोडावं असा नाही.

टर्पीनचं आणखी एक रूप म्हणजे धुकट निळाई. जंगलावरच्या डोंगरांवर दिसणारी ती निळी झाक झाडांच्या वाफांपासून बनलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळे असावी असं वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० साली मांडलं. वनस्पतीतून आयसोप्रीन निघतं हे त्याच सुमारास, १९५७ मध्ये, जॉर्जिया देशातले शास्त्रज्ञ गुराम सनाद्झे यांनी दाखवायला सुरुवात केली होती. आज आपल्याला माहीत आहे की टर्पीन तुटून तयार झालेले जड रेणू एकत्र येऊन कण बनतात आणि त्यातल्या काही कणांवर ढगाचे थेंब धरतात.

शेवटी वजनाबद्दल एक अडचण राहिली. कोरडं वजन हवं तर पानं तोडावी लागतात आणि तोडली की ती फांदी संपली. एकाच फांदीला वर्षभर धरून राहायचं असेल, आणि खरी मजा त्यातच आहे, तर तिची पानं तोडू नका. तिच्यावरच्या पानांची लांबी-रुंदी मोजा, शेजारच्या तशाच फांदीची २०-२५ पानं तोडून, मोजून, सुकवून क्षेत्रफळाला किती वजन पडतं ते काढा आणि त्यावरून आपल्या फांदीचं वजन ठरवा. फांदीला सैल दोऱ्याने नंबर बांधा, चिकटपट्टीने नको, तिच्या गोंदाचे वास येतात. मग नवी पालवी फुटल्यावर पहिल्या आठवड्यापासून दर काही दिवसांनी मोजत राहा, म्हणजे ज्या दिवशी त्या फांदीने आयसोप्रीन सोडायला सुरुवात केली तो दिवस तुमच्या वहीत सापडेल.